गाठ मारलेलं गवत

आमच्या घरासमोरचं गवत या वर्षी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं आहे आणि ते मी कापणार नाही. हे वाक्य माझं नवऱ्याला, मुलाला, समोरच्या लिंडाला आणि टाऊन ऑफिसमधून आलेल्या मुलीला सांगून झालं आहे. आता लिहूनच ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा घसा कोरडा करायला नको.

टाऊन ऑफिसची मुलगी पंजाबी. व्हँकुव्हरजवळच्या सरेहून नोकरीसाठी इकडे सस्कॅचवानला आलेली, रेजिनाजवळच्या आमच्या छोट्या गावात. अदबीने बोलणारी. घरासमोर गवत वाढू द्यायचं नाही असा टाऊनचा नियम, आणि आमच्याबद्दल कुणीतरी तक्रार केली होती. साइडवॉकवर उभी राहून तिने गवताचे फोटो काढले आणि काढता काढता थांबली. साइडवॉकच्या कडेने मी गवताच्या मुठी मुठी एकत्र घेऊन त्यांना गाठी मारून ठेवल्या आहेत, त्या तिला दिसल्या. तिने आवाज खाली आणला.

"आंटीजी, ये कुछ पूजा-वूजा का है क्या? रिलिजियस है तो बता दीजिए, मैं एक्सेप्शन में डाल दूँगी. फिर कोई नहीं काटेगा."

किती सोपं करून दिलं होतं पोरीने! माझ्या मागे दारात अरविंद, माझा नवरा, उभा होता. त्याने तर होकाराची मान हलवायलाही सुरुवात केली होती.

"नहीं बेटा, पूजा नहीं है," मी म्हटलं. "घास है. बंद रखी है."

"बंद?"

"हाँ. बंद."

तिला काही कळलं नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. सोमवारी ट्रक येईल, माणसं कापून जातील, सॉरी आंटीजी, असं सांगून ती गेली. दार लावल्या लावल्या अरविंद सुरू झाला.

"अगं, हो म्हणायचं होतंस ना! काय गेलं असतं तुझं? गणपतीला दूर्वा वाहतोच की आपण. दूर्वा म्हणजे गवतच. टेक्निकली खोटंसुद्धा झालं नसतं!"

मी चिडले होते, तरी हसू आलं. कारण गाठ मारलेलं गवत बघून ते देवाचं असणार असं समजणं ही आमच्या घराण्यातलीच चूक आहे. आईने ती शिन्यांग्याला केली होती, आणि ती केली म्हणून मी आज अशी आहे.

बाबा गुरांचे डॉक्टर. वर्ध्याजवळचं गाव सोडून टांझानियातल्या शिन्यांगा भागात ते नोकरीवर गेले तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. आई बोटीत रडली, रेल्वेत रडली, ट्रकमध्ये रडली. शेवटी ट्रकमधून उतरून जमिनीवर पाय ठेवला आणि थांबली. पायाखाली काळी माती होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता.

"अव माय," ती म्हणाली, "हे तं आपलंच वावर होय!"

पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही इथे सस्कॅचवानला आलो, बर्फ वितळायच्या दिवसांत, आणि गाडीतून उतरताना तिचा नवा कोरा बूट चिखलात रुतून बसला, तेव्हा ती पुन्हा तेच म्हणाली. इथले लोक या मातीला गम्बो म्हणतात. ओली असली की बूट ओढून घेते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि बेसमेंटच्या भिंतींना ती तडे पाडते. शास्त्रातलं तिचं नाव मी नंतर शिकले, मातीच्या लॅबमध्ये नोकरी केली तेव्हा. पण मला ते आधीच पायांनी कळलं होतं. तीन खंडांत माझ्या तळव्यांना एकच माती चिकटली.

शिन्यांग्याला आमच्या क्वार्टरच्या मागे सुकुमा लोकांचं एक घर होतं. कबुला त्या घरातली, माझ्याच वयाची. तिचे आजोबा मसांजा, उंच, वाकलेले, खांद्यावर कायम एक जुना कोट. त्यांच्या घरापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत गवताचा एक मोठा तुकडा होता. त्याला ते न्गितिली म्हणत. पावसाळा लागला की तो तुकडा बंद व्हायचा. गुरं बाहेरच्या मोकळ्या रानात चरायची आणि या तुकड्यात एक खूरही पडायचा नाही. गवत वाढायचं, फुलायचं, बी धरायचं, उभ्या उभ्या वाळायचं. मग कोरडे महिने ऐन कडक झाले, बाहेर काडी उरली नाही, की तो उघडायचा. उघडायचा तोही थोडा थोडा. आधी वासरं आणि दुभत्या गाई, मग कापसाच्या शेतात राबणारे बैल, मग बाकीची. कुंपण नव्हतं. कडेच्या गवताला गाठी मारलेल्या असायच्या. गाठ दिसली की बंद. त्या घराची ती पद्धत होती आणि साऱ्या शिवाराला ती ठाऊक होती.

ठाऊक नव्हती ती फक्त आमच्या आईला.

आमच्या पहिल्याच संक्रांतीची गोष्ट. बाबांनी दुधासाठी एक गाय घेतली होती. आई तिला घेऊन मागे गेली तर समोर हे हिरवंगार, मांडीएवढं गवत, आणि चिटपाखरू नाही. राखणदार नाही, काटेरी कुंपण नाही. आईच्या हिशेबी असं गवत म्हणजे गावाचं गायरान. आणि गाठी? त्या तिने नीट पाहिल्या. तिला वाटलं, कुणीतरी नवस बोललंय. तिने पदर सावरला, गाठींना हात लावून नमस्कार केला, नवस फेडून घे रे देवा असं म्हणाली आणि गाय आत सोडून दिली.

दुपारी अंगणात म्हातारी माणसं येऊन बसली. कुणी ओरडलं नाही. गोरखचिंचेच्या सावलीत सगळे गंभीर चेहऱ्याने गोल बसले आणि आई आतून तिळगुळाची ताटली घेऊन आली. माणसं सणाला भेटायला आली आहेत अशी तिची ठाम समजूत. एकेकाच्या हातावर तिने तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला. म्हातारे गोंधळले. त्यांच्या भागात तीळ पिकतो, त्यामुळे चव ओळखीची होती. मसांजा आजोबा बराच वेळ चघळत राहिले. मग बाबा आले, त्यांनी मोडक्या स्वाहिलीत विचारपूस केली, आणि त्यांचा चेहरा पडला.

एरवी अशा गुन्ह्याला बैल द्यावा लागे. आमच्याकडे बैल नव्हता. म्हाताऱ्यांनी आपापसात बोलून ठरवलं की या बाईच्या घराने गवत उघडेपर्यंत राखण करायची. आई स्वयंपाक सोडून जाऊ शकत नव्हती, बाबांना गुरं होती. उरले मी. शाळा सुटली की मी आणि कबुला राखणीला.

ती शिक्षा होती असं अजूनही मला पटत नाही.

एका बाभळीखाली आम्ही बसायचो. कबुलाची आई रताळ्याच्या काचऱ्या उन्हात वाळवून ठेवायची, त्या चावत बसायच्या. काचऱ्या चामड्यासारख्या लागायच्या आणि मग तोंडात हळूहळू गोड व्हायच्या. आईला त्यांचा शोध लागल्यावर तिच्या एकादशीचा प्रश्न कायमचा मिटला. दुपारी होले घुमायचे. सुगरणींची घरटी वाऱ्यात एकमेकांवर आपटायची. लांब रानात गुराख्याची शीळ आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, आणि त्या जवळ येतात की लांब जातात हे आम्ही डोळे मिटून सांगायचो. जवळ आल्या की उठून उभं राहायचं. एवढंच काम. दोन पोरी उभ्या राहिलेल्या दिसल्या की गुराखी कळप वळवायचा. आपण उभं राहिल्याने शंभर शिंगं वळतात, हे ज्या मुलीने पाहिलं, ती पुढे कुणाला भिणार?

पाऊस संपला की गवताचा वास बदलत जायचा. आधी कच्च्या दुधासारखा, मग नुसता उन्हाचा, आणि शेवटी तव्यावर भाजलेल्या ज्वारीसारखा. तो आला की कबुला म्हणायची, आता उघडणार.

बाबा संध्याकाळी फेरी मारायला यायचे. उकिडवे बसून गवताच्या बुडाशी बोटं खुपसायचे. बाहेर जमिनीला भेगा पडलेल्या असायच्या, पण गवताखाली माती गार, किंचित ओली. ते माझा हात धरून तिथे दाबायचे. "बघ," म्हणायचे, "पाऊस इथे मुक्कामाला थांबलाय." टेकडीखाली एक तळं होतं. गुरं त्यात उतरून काठ तुडवायची, पाणी गढूळ करायची. बाबांनी बांधाखालून पाइप काढून खालच्या अंगाला हौद बांधायचं ठरवलं. मसांजा आजोबांना ते मुळीच मान्य नव्हतं. तळ्याला भोक पाडणारा माणूस शहाणा कसा, असं ते म्हणायचे. दोघं त्यावरून एक अख्खा ऋतू भांडले, रोज, आमच्या अंगणात, आईचा चहा पीत. शेवटी हौद झाला. तळ्याचं पाणी निवळलं. नंतर मसांजा आजोबा पाहुण्यांना तो हौद असा दाखवायचे की जणू त्यांनीच बांधला.

उघडायच्या दिवशी आजोबा स्वतः पहिली गाठ सोडायचे. वासरं बावरून थांबायची आणि मग त्या पिवळ्या गवतात शिरायची, शेपट्या तेवढ्या वर दिसायच्या. त्या वर्षी आमच्या गायीला वासरांबरोबर आत सोडलं. राखणदारांचा मान म्हणून.

मग एका कोरड्या ऋतूत ट्रक आले. का आले, कुणी पाठवले, यावर पुढे लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला ते इथे नको आहे. मला आठवतं ते एवढंच की कबुलाच्या घराचं छप्पर उतरवलं होतं आणि आतली चूल उघड्यावर पडली होती. सरकारचा हुकूम होता, सगळ्यांनी रस्त्याकडेला, रांगेतल्या घरांत राहायला जायचं. ट्रकवर चटया, मडकी, पाय बांधलेल्या कोंबड्या. कबुला मागच्या फळीवर बसली होती. तिच्या मांडीवर वाळलेल्या काचऱ्यांची टोपली होती आणि तिने त्यातली मूठभर माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकली. मसांजा आजोबा चढायच्या आधी गवताकडे गेले. कडेने चालत गेले, गाठी तपासत, एक सुटली होती ती पुन्हा मारली. मग चढले.

बाबा व्हरांड्यात उभे होते. मी त्यांचा शर्ट ओढत होते. तुम्ही सांगा ना त्यांना, तुम्ही डॉक्टर आहात, तुमचं ऐकतील. ते म्हणाले, "आपण पाहुणे आहोत इथे, बाळा." ते एवढंच बोलले, आणि ते खरंही होतं. त्यांनी काय करायला हवं होतं हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या वाक्याचा मला राग आला होता आणि तो अजून आहे.

गाठी होत्या, पण त्यांच्यापाशी उभं राहणारं कुणी नव्हतं. चारी बाजूंनी गुरं शिरली आणि महिन्याभरात तिथे जमीन उघडी पडली. पुढच्या पावसात टेकडीवरचं पाणी अडलं नाही, थांबलं नाही, सरळ खाली आलं आणि येताना माती घेऊन आलं. तळं चिखलाने भरलं. बाबा हौदापाशी बसून काठीने पाइप मोकळा करत होते. काठी आत जायची आणि चिखलाने माखून बाहेर यायची. ते तसेच बसून राहिले. आई जेवायला बोलवायला गेली आणि तीही त्यांच्याशेजारी बसली.

कबुला मला पुन्हा भेटली नाही. तिचा फोटो नाही, पत्ता नाही. पण गवत भेटलं. अलीकडे वाचनात आलं की त्या भागात लोकांनी पुन्हा न्गितिली राखायला घेतल्या. आजोबांच्या वेळच्या, आईवडिलांच्या वेळच्या, जिथे आठवल्या तिथे. फार काही पेरावं लागलं नाही म्हणे. बंद केलं आणि वाट पाहिली. मुळं खाली होती, तोडलेल्या झाडांचे बुंधे जिवंत होते. ते वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने ओरडले. अरविंद बेसमेंटमधून धावत वर आला, काही सांडलं की काय म्हणून.

रिटायर झाल्यावर मी समोरचं लॉन उकरून काढलं. अरविंदसाठी तो काळा दिवस. पुण्याच्या दोन खोल्यांत वाढलेला माणूस, त्याला स्वतःचं लॉन म्हणजे केवढी अपूर्वाई! इंजिनिअर असल्यामुळे त्याच्या लॉन मोवरच्या रेघासुद्धा पट्टीने आखल्यासारख्या. त्या जागी मी इथलं, या माळरानाचं मूळचं गवत लावलं. पूर्वी बायसनचे कळप चरायचे ते, इथल्या मूळ लोकांच्या ओळखीचं. एकाचा तुरा भुवईसारखा बारीक आणि वाकडा, एक शरदात तांबूस होतं. पहिल्या वर्षी ते अगदी गरीब दिसलं. आता थंडीत उडून जाणारा बर्फ त्यात अडकून राहतो, वसंतात तो वितळला की पाणी रस्त्यावर न पळता खाली मुरतं, आणि ऑगस्टात लिंडाचा स्प्रिंकलर दिवसभर फुरफुरत असतो तेव्हा माझ्या गवताखालची माती बोटाला गार लागते. बेसमेंटच्या भिंतीचा तडा वाढायचा थांबला, हे खुद्द अरविंदने टॉर्च लावून पाहून कबूल केलं आहे. पहिली थंडी कडक पडली की मी कापते, विळ्याने, थोडं थोडं, आणि ते गवत लिंडाच्या नातवंडांच्या सशांना जातं. तक्रार कुणी केली मला माहीत आहे. नाव घेत नाही. सशांचा काही दोष नाही.

मुलगा व्हँकुव्हरला असतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं.

"मॉम, इट्स जस्ट ग्रास," तो म्हणाला.

"हो. तेच तर सांगतेय. जस्ट ग्रास आहे, पूजा नाही. माझ्याकडे देवाचा बहाणा नाही, म्हणून ते कापायचं का?"

"डॅड सेज यू कुड हॅव जस्ट सेड यस."

"तुझ्या आजीला तो देवाचा नवस वाटला आणि तिने हात जोडून गाय आत सोडली. देवाचं म्हटलं की माणूस नमस्कार करतो आणि मोकळा होतो. राखायचं असेल तर ते माणसांनी राखलंय असं सांगावं लागतं."

मग तो म्हणाला, "ओके, बट डोन्ट डू एनिथिंग क्रेझी."

शनिवारी मी ग्रोसरीला गेले होते. परत आले तर हवेत कापलेल्या गवताचा वास. अरविंद मोवर पुसत उभा. त्याने साइडवॉकच्या कडेची एक लांब पट्टी साफ कापून टाकली होती. माझ्या सगळ्या गाठी त्या पट्टीत होत्या.

"कॉम्प्रोमाइज," तो म्हणाला. "पुढचं तेवढं नीट दिसलं की सोडून देतील ते. आतलं राहील ना तुझं. उगाच कशाला भांडण, आपण बाहेरून आलेली माणसं."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. मी हातातल्या पिशव्या ड्राइव्हवेवरच ठेवल्या.

"मी बाहेरची नाही," मी म्हटलं. "माझे आईबाप या मातीत मिसळलेत. चाळीस हिवाळे मी या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केलाय. बाहेरचं तुझं लॉन आहे, गोऱ्यांबरोबर बोटीत बसून आलेलं. हे गवत इथलं आहे आणि मी याची पाहुणी असेन तर असेन, दुसऱ्या कुणाची नाही. माझे बाबा व्हरांड्यात उभे राहिले होते, अरविंद. मी नाही राहणार."

त्याने पिशव्या उचलून आत नेल्या. आम्ही रविवारभर एकमेकांशी बोललो नाही. मी दूध तापवलं, त्याने भांडी घासली, टीव्ही आपला चालू होता. मला फार एकटं वाटलं, खरं सांगते.

सोमवारी सकाळी उठले तर अंथरुणात शेजारी कुणी नव्हतं. चहा ठेवला आणि खिडकीतून पाहिलं. अरविंद समोर जमिनीवर बसला होता, दुखरा गुडघा लांब करून. कापलेल्या पट्टीच्या आतल्या कडेला गवताच्या मुठी घेऊन तो गाठी मारत होता. बुटाची नाडी बांधतात तशा, डबल. मसांजा आजोबांनी पाहिल्या असत्या तर हसले असते. निम्म्या अंगणाची कड झालीच होती.

मी चहाचे दोन कप घेऊन बाहेर गेले. बॅकयार्डमधली घडीची खुर्ची आणली आणि गवतात उघडून ठेवली. त्याने कप घेतला. एक गाठ सैल होती ती मी घट्ट केली.

ट्रक आला. मागच्या ट्रेलरवर मोठा मोवर. आतून टोपी घातलेला माणूस उतरला, बिचारा त्याचं काम करायला आलेला. अरविंद माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला आणि कडेला जाऊन उभा राहिला. नुसता उभा. मी त्याच्या शेजारी.

"मॉर्निंग," तो माणूस म्हणाला. "धिस द लॉन?"

"इट्स नॉट अ लॉन," अरविंद म्हणाला. "अँड इट्स क्लोज्ड."

"क्लोज्ड? टिल व्हेन?"

अरविंदने माझ्याकडे पाहिलं.

"टिल वी ओपन इट," मी म्हटलं.

त्या माणसाने टोपी मागे सारली, आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं, गाठींकडे पाहिलं, आणि ऑफिसला फोन लावत ट्रककडे वळला. थोड्या वेळाने ट्रक मागे घेण्याचा तो पीं पीं आवाज आला आणि कोपऱ्यावरून वळून बंद झाला. ते परत येतील. येऊ देत. खुर्ची गवतातच आहे. आजची राखण माझी होती, उद्याची अरविंदची आहे.